स्वच्छ प्रवासाचं बिल नेमकं कुणाच्या माथी?

इंधनावर टॅक्स वाढवा, जुन्या गाड्या शहरात येऊ देऊ नका, इलेक्ट्रिक घ्या, असं काही निघालं की लगेच "पर्यावरण वाचवा" आणि "गरिबाने जायचं कसं" असे दोन गट पडतात. पण गाडीत कोण बसणार आणि पैसे कोण भरणार हे भांडण कार्बन वगैरे शब्द येण्याच्या कितीतरी आधीचं आहे.

१६६२ मध्ये पॅरिसला ब्लेझ पास्कलने (हो, तोच गणितवाला) ठरलेल्या रूटवर धावणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या, भाडं पाच सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं), आत आठ जणांची जागा, म्हणजे आजची सिटी बसच म्हणा ना. पण तिथल्या न्यायालयाने अट घातली की सैनिक, नोकरचाकर, मजूर यांना आत घ्यायचं नाही. ज्यांना खरी गरज तेच बाहेर, आणि सेवा पुढे काही वर्षांतच बंद पडली.

ब्रिटनमध्ये १८८३ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना कामगारांसाठी स्वस्त गाड्या सोडायला लावलं. चांगलंच झालं, फक्त स्वस्त तिकीट भल्या पहाटेच्या गाड्यांनाच, त्यामुळे ज्यांचं काम उशिरा सुरू व्हायचं तेही लवकर निघायचे आणि कामाची जागा उघडेपर्यंत कुठेतरी थांबून राहायचे. पैसे वाचले पण झोप गेली, हा हिशोब कुठल्या सरकारी कागदावर येत नाही.

मग अमेरिका. १९५५ च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरी शहरात, बसमध्ये गोरे-काळे वेगळे बसवायचे म्हणून, काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस पायी नाहीतर एकमेकांच्या गाड्यांतून गेले आणि १९५६ च्या शेवटी बसमध्ये कुठेही बसायचा हक्क मिळवला. आणि त्याच १९५६ मध्ये हायवेचा कायदा आला, ४१ हजार मैलांचं जाळं, ९० टक्के खर्च केंद्र सरकारचा. म्हणजे बसमधली सीट मिळाली तेव्हाच पैसा मोटारीच्या मागे निघून गेला होता. वर ते रस्ते शहरात आणले कुठून, तर सेंट पॉलचं राँडो, मायामीचं ओव्हरटाउन अशा काळ्या वस्त्यांमधून, घरं-दुकानं पाडून. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या अंगणातून गाड्यांचा रस्ता, आणि धूरही त्यांच्याच नाकात.

उलटं करून दाखवणारेही होते. ब्राझीलच्या कुरिचिबाने १९७४ मध्ये बसला वेगळी लेन दिली. कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये २००४ ला डोंगरावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबल कार नेली आणि ती मेट्रोला जोडली. पर्यटकांसाठी नाही हां, रोज कामाला उतरणाऱ्या माणसांसाठी, आणि मला तरी हे कुठल्याही चकचकीत फ्लायओव्हरपेक्षा जास्त डोक्याने केलेलं काम वाटतं.

इलेक्ट्रिकची गोष्ट मात्र परत जुन्याच वळणावर गेली. नॉर्वेने १९९० पासून या गाड्यांवरचे टॅक्स माफ करत नेले, गाड्या धडाधड खपल्या, पण टॅक्समाफीचा फायदा घ्यायला आधी नवी गाडी घेण्याइतके पैसे हवेत. शेवटी २०२३ मध्ये ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट लावावा लागला.

फ्रान्समध्ये हे सगळं पेटलंच. २०१८ मध्ये आधी श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून तिथे फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर ठेवला, आणि २०१९ च्या जानेवारीपासून डिझेल-पेट्रोलवरचा टॅक्स वाढणार होता. वर्षानुवर्षं सरकारनेच डिझेल स्वस्त ठेवलेलं, लोकांनी म्हणून डिझेल गाड्या घेतलेल्या, गावाकडे बस नाही. कायद्याने प्रत्येक गाडीत एक पिवळं जॅकेट ठेवावंच लागतं, गाडी बंद पडली तर रस्त्यावर उतरताना घालायला. १७ नोव्हेंबर २०१८ ला लोक तेच जॅकेट घालून चौकाचौकात उभे राहिले, आणि डिसेंबरात वाढ मागे घेतली गेली.

फ्रान्समध्येच मग २०२४ च्या जानेवारीत कमी उत्पन्नवाल्यांसाठी महिना साधारण १०० युरोत इलेक्ट्रिक गाडी भाड्याने द्यायची योजना आली. अट अशी की कामाला स्वतःच्या गाडीने लांब जाणारा हवा. दीड महिन्यातच अर्ज इतके आले की त्या वर्षापुरती खिडकी बंद करावी लागली, आणि ज्याच्याकडे मुळात गाडीच नव्हती तो त्या रांगेत कधी नव्हताच.