घट्ट फ्रिहोलेस आणि भिंतीवरचा तक्ता

लॉस एंजेलिसच्या कुठल्याही मेक्सिकन खानावळीत रात्री झाकपाक करताना एक प्रश्न हमखास येतो: उरलेल्या फ्रिहोलेसचं काय करायचं? फ्रिहोलेस म्हणजे शिजवून घोटलेला घेवडा, आपल्या राजम्याचा जवळचा भाऊबंद. वीस लिटरचं पातेलं आणि आत पिठल्यासारखा घट्ट ऐवज. सकाळपासून उभा असलेला पोरगा ते पातेलं झाकणासकट उचलून शीतखोलीत ठेवतो आणि घरी जातो. सकाळी पातेल्याला बाहेरून हात लावावा तर गार लागतं. मधोमध थर्मामीटर खुपसला तर आत अजून कोमट असू शकतं.

त्या कोमट गाभ्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचं राज्य असतं. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, उकळीतही मरत नाहीत. उलट उकळीमुळे अन्नातला प्राणवायू निघून जातो आणि बाकीचे जिवाणू मरतात, त्यामुळे त्याला मोकळं रान मिळतं. पातेलं निवता निवता 43 ते 47 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तासाभरात 64, दोन तासांत चार हजारांवर, तीन तासांत अडीच लाखांच्या पुढे. दुसऱ्या दिवशी ते नुसतं कोमट करून वाढलं की पोटात मुरडा आणि जुलाब ठरलेले. अमेरिकेत या एका जिवाणूमुळे वर्षाला सुमारे दहा लाख लोक आजारी पडतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, अंदाज आहे.

म्हणून अमेरिकी अन्नसंहिता, म्हणजे फूड कोड, सांगते की शिजलेलं अन्न 57 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांच्या आत आलं पाहिजे आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर. पहिल्या टप्प्याला कमी वेळ दिलाय, कारण जिवाणूंची सर्वांत जोमदार वाढ त्याच पट्ट्यात होते. उपायही अगदी साधा आहे. घट्ट पदार्थातली उष्णता आतून बाहेर झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वीस सेंटिमीटरचा थर पाच सेंटिमीटरवर आणला तर वेळ सोळा पटींनी घटतो. पसरट ट्रेमध्ये ओता, पूर्ण गार होईपर्यंत घट्ट झाकू नका, मग काळजी नाही.

हे सगळं खानावळींच्या भिंतींवरच्या तक्त्यांत स्पॅनिशमध्ये छापलेलं आहे, आणि तसं असायलाच हवं. अमेरिकेत अन्न शिजवण्या-वाढण्याच्या कामांत साधारण चौथा हिस्सा लोक हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक देशांकडचे, आहेत, स्वयंपाक्यांत तर तिघांतला एक तरी. पण बरेचसे तक्ते आधी इंग्रजीत लिहून मग स्पॅनिशमध्ये उतरवलेले असतात. वाक्यं बदलतात, आकडे तेच राहतात: 135, 70, 41. हे वरचेच 57, 21 आणि 5 अंश, पण फॅरनहाइटमध्ये. मेक्सिकोतल्या पुएब्लाहून किंवा ग्वाटेमालाहून आलेला माणूस सेल्सिअसमध्ये वाढलेला. त्याला 41 अंश म्हणजे कडक उन्हाळा. तक्त्याला मात्र फ्रिजची थंडी अभिप्रेत आहे. परीक्षेपुरते हे आकडे पाठ करता येतात. हातांना त्यांची सवय होणं ही वेगळी गोष्ट.

परीक्षेचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात 2010 च्या कायद्याने खानावळीत अन्न हाताळणाऱ्याला कामावर लागल्यापासून तीस दिवसांत ‘फूड हँडलर कार्ड’ काढावं लागतं. सत्तर टक्के गुण मिळाले की ते तीन वर्षं चालतं. त्याचा खर्च आणि त्यात जाणारा वेळ 2024 पासून मालकाच्या अंगावर आला. त्याआधी किमान वेतनावरचा भांडी घासणारा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे भरून मालकाच्या गिऱ्हाइकांची सुरक्षितता शिकत होता. हे इतकी वर्षं कुणाला खटकलं कसं नाही, कोण जाणे.

लेखी पर्यायांवर खुणा करून पास होणारा माणूस रात्री पातेलं उथळ ट्रेमध्ये ओतेलच असं नाही, हे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्याही ध्यानात आलं. मौखिक परंपरेतून शिकणाऱ्यांसाठी त्यांनी खास साहित्य काढलं. त्यात मजकूर कमी आणि चित्रं नि गोष्टी जास्त. स्पॅनिशसह अनेक भाषांत ते उपलब्ध आहे. मला ही दिशा योग्य वाटते, कारण या कामात बहुतेक माणसं शेजारच्याचं बघूनच शिकतात.

शिवाय स्पॅनिश ही त्या सगळ्यांची मातृभाषा आहे, असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत मेक्सिकोच्या ओआहाका राज्याकडून आलेले, मिश्तेको आणि सापोतेको या तिथल्या आदिवासी भाषा बोलणारे मजूर आहेत. काहींना स्पॅनिश जेमतेम येतं. भाजीपाल्याच्या सुरक्षेचा केंद्रीय नियम सांगतो की प्रशिक्षण घेणाऱ्याला ते सहज समजलं पाहिजे. स्पॅनिश पुस्तिका वाटून या मजुरांच्या बाबतीत तो नियम पाळला जात नाही. छापील पानापेक्षा बोलून दाखवणं, करून दाखवणं आणि त्यांच्यातल्याच कुणाला तयार करणं जास्त उपयोगी पडतं.

तरीही समजलं म्हणजे केलं, असं नसतं. सीडीसीशी संलग्न संशोधकांनी खानावळींत उभं राहून कामगारांचं निरीक्षण केलं. हात धुणं आवश्यक असलेले प्रसंग तासाला सरासरी आठ-नऊ येत होते आणि त्यांतल्या फक्त 27 टक्के वेळा हात धुतले गेले. हातमोजे घातलेले असताना धुण्याचं प्रमाण आणखी कमी होतं, जणू मोज्यांनाच घाण लागत नाही! पुढच्या विश्लेषणातून कळलं की जिथे हात धुण्याची एकापेक्षा जास्त सिंक आहेत, कामाच्या जागेवरून सिंक नजरेस पडतं आणि कामगारांना अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण मिळालेलं आहे, तिथे हात जास्त धुतले जातात. म्हणजे प्रशिक्षण फुकट जात नाही. पण सिंकपुढे बादल्या रचून ठेवल्या असतील, तर भिंतीवरचा तक्ता कितीही शुद्ध स्पॅनिशमध्ये असो, काय उपयोग?

सर्वांत अवघड गाठ आजारपणाची आहे. खानावळींतल्या अन्नातून पसरलेल्या आजारांच्या 2017 ते 2019 मधल्या 800 उद्रेकांचा सीडीसीने आढावा घेतला. ज्यांत रोगकारक जंतू कळला किंवा त्याचा अंदाज आला, त्यांत नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूचा वाटा 47 टक्के होता, आणि ज्या उद्रेकांची कारणं सापडली त्यांतल्या सुमारे चाळीस टक्क्यांत अन्न दूषित होण्यामागे आजारी कामगार हे एक कारण होतं. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही आजारी पाडायला पुरतात आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या जेलला तो फारशी दाद देत नाही. साबण आणि पाणीच लागतं. प्रत्येक तक्त्यावर लिहिलेलं असतं: उलट्या-जुलाब होत असतील तर व्यवस्थापकाला सांगा. हे वाक्य न समजणारा कामगार विरळा. तरी दुसऱ्या एका पाहणीत पाचातल्या एकाने कबूल केलं की वर्षभरात निदान एक पाळी उलट्या-जुलाब होत असतानाच केली. कारणं कुणालाही कळण्यासारखी आहेत: गेलो नाही तर पगार बुडतो, बदली माणूस नसतो, नोकरी जाईल अशी धास्ती असते. ज्याला सांगायचं तो व्यवस्थापकही एक माणूस कमी पडला म्हणून आधीच वैतागलेला असतो.

अमेरिकेत केंद्रीय पातळीवर आजारपणाच्या भरपगारी रजेची सर्वसाधारण सक्ती नाही. ते राज्याराज्यांवर सोडलंय. कॅलिफोर्नियात 2024 पासून वर्षाला किमान पाच दिवस मिळतात. अन्नसंहितेनुसार नोरोव्हायरसचं निदान झालेल्याला लक्षणं थांबल्यावरही साधारण 48 तास कामापासून दूर ठेवायचं असतं. उलट्यांचे दोन दिवस आणि हे 48 तास धरले, तर एकाच दुखण्यात चार दिवस संपले.