फुगलेल्या नसांचं ‘बिनटाक्याचं’ ऑपरेशन आलं कुठून?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल पोटरीवर हिरव्यानिळ्या नसांचं जाळं घेऊन वर्षानुवर्षं काम रेटतात. डॉक्टरची आठवण होते ती घोट्यापाशी जखम चिघळल्यावर. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात ते हेच. दुखणं साधं आहे. नसेतल्या झडपा निकामी होतात आणि वर चढायचं रक्त खाली उलटतं.

जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1891 मध्ये मांडीतली मोठी नस बांधण्याची पद्धत मांडली. (मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं ते 1894 चं, म्हणजे जवळपास त्याच काळातलं.) पुढे 1905 ते 1907 या तीन वर्षांत केलर, मेयो आणि बॅबकॉक या अमेरिकन सर्जननी नसच ओढून काढायची रीत बसवली. जांघेत छेद घ्यायचा, नसेत तार सरकवायची आणि तारेसकट नस उपसायची. मांडी काळीनिळी पडे, अंथरूण धरावं लागे. तरी शतक संपेपर्यंत हेच चाललं.

खरा बदल सोनोग्राफीनं केला, लेझरनं नव्हे, असं माझं मत. 1980 च्या दशकात रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर आला आणि रक्त नेमकं कुठे उलटतंय ते पडद्यावर दिसू लागलं. मग नस कापायची गरज उरली नाही. रेडिओलहरींच्या उष्णतेनं नस आतून बंद करणारी रेडिओफ्रिक्वेन्सी 1999 च्या सुमारास आली, पाठोपाठ लेझर. सुईच्या भोकातून नळी आत जाते, नसेभोवती भुलीचं पाणी भरतात आणि आतून आच देतात; आजच्या रेडिओफ्रिक्वेन्सीत ती 120 अंशांची असते. सात सेंटिमीटरचा तुकडा वीस सेकंदांत बंद! रुग्ण त्याच दिवशी चालत घरी.

पण नस जास्त पक्की बंद होते का? डेन्मार्कमध्ये 500 रुग्णांवर चार पद्धती ताडून पाहिल्या. वर्षभरानं लेझरच्या 5.8 टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि जुन्या ऑपरेशनच्या प्रत्येकी 4.8 टक्के नसांत रक्त पुन्हा उलटत होतं. फोमच्या, म्हणजे नसेत फेसाळ औषध सोडण्याच्या इंजेक्शनात मात्र 16.3 टक्के. म्हणजे जुनं ऑपरेशन याबाबत मागे नव्हतंच. फायदा आहे तो दुखण्यात आणि कामावर लवकर परतण्यात. त्यातही वेदना कमी होत्या त्या रेडिओफ्रिक्वेन्सी आणि फोमनंतर. दवाखान्यांच्या पाट्यांवर मिरवणारं लेझर त्या यादीत नव्हतं.

जखम झालेल्यांचं गणित वेगळं. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांची 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते, की पायाला घट्ट पट्ट्या बांधण्यासोबत नसेचा उपचार दोन आठवड्यांत केला तर जखम साधारण 56 दिवसांत भरली. उपचार लांबवला तर 82 दिवस लागले.