सिंगापूर ते न्यूयॉर्क: जास्त किलोमीटर, कमी वेळ

सिंगापूर–न्यूयॉर्क ही जगातली सगळ्यात लांब नॉनस्टॉप फ्लाइट, अंतर १५,३०० किमीच्या वर आणि वेळ अठरा तासांहून जास्त. हे अंतर वहीवर काढता येतं आणि ते खरंच एकदा करून बघाच. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला, बेरीज १७८, म्हणजे एकाचा रेखांश दुसऱ्याच्या जवळपास बरोब्बर पाठीमागे. त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता चक्क उत्तर ध्रुवाजवळून जातो. ९० मधून अक्षांश वजा केला की ध्रुवापर्यंतचे अंश मिळतात: सिंगापूरपासून ध्रुव ८८.६ अंश, तिथून खाली न्यूयॉर्क ४९.४ अंश, झाले १३८, आणि एक अंश म्हणजे साधारण १११.२ किमी. गुणाकार केला की १५,३४५.

पण विमान बऱ्याचदा या रस्त्याने जातच नाही! ते पॅसिफिकवरून, जपानच्या बाजूने अलास्का-कॅनडाकडे वळतं, कधी हजारभर किलोमीटर जास्त कापतं आणि तरी लवकर पोचतं, कारण तिथे जेट स्ट्रीम मिळतो. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात ताशी २०० किमी सहज ओलांडतो. विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास असतो तो हवेच्या तुलनेत, आणि हवाच पुढे पळत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग अकराशेच्या पुढे जातो.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर किआरा वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. एवढा वेग म्हणजे आवाजापेक्षा जास्त झाला ना? नाही, कारण ज्या हवेतून ते उडत होतं तिच्या मानाने ते नेहमीच्याच वेगात होतं.

मुंबई-लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास, ते यामुळेच. बरेच जण म्हणतात पृथ्वी खालून फिरते म्हणून, पण ते बरोबर नाही, हवा पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या हवेत असतं, फरक पडतो तो वाऱ्याने.

आणि इथे वाऱ्याला एवढा भाव का, तर इंधनामुळे. सिंगापूर एअरलाइन्सचं एअरबस ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे खूप लांब पल्ल्याचं विमान) १,६५,००० लिटर इंधन नेऊ शकतं, आणि त्या वजनापायी सीट फक्त १६१, इकॉनॉमी क्लास नाहीच. म्हणून समोरून येणारा वारा शक्यतो टाळतात. न्यूयॉर्कहून परत निघालेलं विमान कित्येकदा पॅसिफिककडे जातच नाही, अटलांटिक आणि युरोपवरून पुन्हा पूर्वेकडेच जातं, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला एक पूर्ण फेरी होते.