माळव्याची पेंड आणि परदेशातला रुपया : पार्श्वभूमी

इंदूरच्या छावणी मंडीत सोयाबीनची बोली लागते तेव्हा बोली लावणाऱ्याच्या डोक्यात प्लांटचा, म्हणजे तेल गाळणाऱ्या कारखान्याचा भाव असतो. प्लांटवाल्याच्या डोक्यात डीओसीचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा भाव असतो, आणि पेंड विकणाऱ्याच्या डोक्यात कांडला बंदरावरचा डॉलरमधला. शंभर किलो दाण्यातून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळी पेंड. म्हणून ही पेंड कोण घेतो, आणि तिचे पैसे कोणत्या चलनात, कोणत्या वाटेने देतो, यावर माळव्यातल्या शेतकऱ्याच्या हाती काय पडतं हे बरंचसं ठरतं. २०२२ मध्ये ‘रुपयात व्यवहार’ हा शब्दप्रयोग बातम्यांत पुन्हा आला, तेव्हा तो नवा प्रयोग म्हणून सांगितला गेला. इंदूरच्या पेंडवाल्यांनी तो दहा वर्षं आधीच, इराणशी झालेल्या व्यवहारात, अनुभवला होता. आणि पैसा आडवाटेने घरी आणण्याशी या शहराचा संबंध त्याहूनही पुष्कळ जुना आहे.

माळव्याची अफू चीनला जायची हे सर्वांना माहीत आहे. त्या अफूचे पैसे परत कसे यायचे, याबद्दल मात्र कमी बोललं जातं. कॅंटनला अफू विकून मिळालेली चांदी व्यापारी सगळीच्या सगळी जहाजात भरून आणत नसत. ती तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिन्यात भरायची आणि बदल्यात लंडनवर किंवा कलकत्त्यावर काढलेली बिलं, म्हणजे तिथे तेवढी रक्कम मिळवून देणाऱ्या चिठ्ठ्या, घ्यायची, अशी रीत होती. त्याच चांदीने कंपनी चहा खरेदी करायची, चहा लंडनला विकायची, आणि बिलं भागवायची. चांदी कॅंटनच्या चहावाल्याकडेच राहिली. मुंबईच्या पेढीत रक्कम जमा झाली, आणि तिथून हुंडीने, म्हणजे सावकारांच्या आपसातल्या पैसे देण्याच्या चिठ्ठीने, इंदूर-उज्जैनच्या सराफाच्या वहीत. हा पैसा चीनमधल्या असंख्य घरांच्या नाशातून येत होता, हे इंदूरच्या जुन्या वैभवाबद्दल बोलताना गाळलं जातं. ते गाळू नये.

आज जो सराफा रात्रीच्या खाण्यासाठी ओळखला जातो, त्या बाजारात तेव्हा एक शब्द रोजचा होता : हुंडणावळ. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी मिळवून देण्याची किंमत म्हणजे हुंडणावळ. दर्शनी हुंडी दाखवली की वटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. त्यात नाण्यांचा गुंता वेगळा. हाली रुपया निराळा, कंपनीचा कलदार निराळा, आणि एकाचा दुसरा करून घेताना बट्टा कापला जायचा. पुढे शिलिंग-पेन्सांच्या काळात मराठी लेखकांनी रुपयाच्या दरालाही हुंडणावळच म्हटलं. रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा असावा की एक शिलिंग सहा पेन्सांचा, हा १९२० च्या दशकातला कडाक्याचा वाद ‘हुंडणावळीचा वाद’ म्हणूनच मराठीत लढला गेला. आजच्या ‘विनिमय दर’ या शब्दापेक्षा मला हा जुना शब्द जास्त अचूक वाटतो. त्यात चलनाचा भाव आहे आणि पैसा पोचवण्याचा खर्च व धोकाही आहे. इराणच्या व्यवहारात नेमका हाच दुसरा भाग महत्त्वाचा ठरला.

वाटेची किंमत कशी वाढते हेही अफूनेच दाखवलं होतं. १८२० च्या दशकात कंपनीने संस्थानांशी करार करून माळव्याचा माल स्वतःच विकत घेऊन पाहिला. माल पाली, जैसलमेर, कराचीवरून पोर्तुगिजांच्या दमणला निघून जाऊ लागला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने खरेदी सोडली आणि थेट मुंबईला जाणाऱ्या पेटीवर पासची फी लावली. १८३५ मध्ये ती पेटीमागे १२५ रुपये होती. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत फी ४०० रुपयांवर पोचली. अफू तीच, गिऱ्हाईकही तेच. वाट एकच उरली, एवढाच फरक. १९०७ च्या ब्रिटन-चीन कराराने निर्यात टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं आणि १९१३ मध्ये ती थांबली. सावकारांचं भांडवल कापडगिरण्यांत आणि कापसाच्या सट्ट्यात गेलं.

गुंतवणुकीच्या बाबतीत एक गोष्ट इंदूरकरांनी विसरू नये. हिंदुस्थानातली बहुतेक रेल्वे लंडनच्या भांडवलावर आणि पाच टक्के परताव्याच्या सरकारी हमीवर उभी राहिली. व्याज दरवर्षी इथून तिकडे जायचं. खांडवा-इंदूर मार्गासाठी मात्र होळकर दरबाराने १८७० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. म्हणजे या एका मार्गापुरती व्याजाची दिशा उलटी होती.

सोयाबीन आलं ते १९७० च्या दशकात. तोपर्यंत माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी पडीक ठेवत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. रिकाम्या खरिपात हे पीक बसलं, गाळप कारखाने उभे राहिले, आणि देशात कुक्कुटपालन आजच्याइतकं पसरलेलं नसल्यामुळे पेंड बाहेर जाऊ लागली. तेल आपण खातो, पेंड परदेशी कोंबड्या खातात, अशी तेव्हाची वाटणी होती.

आता ‘रुपयात व्यवहार’. हा एक शब्द कमीत कमी चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेला आहे, आणि चर्चेतला निम्मा गोंधळ तिथूनच येतो.

पहिली गोष्ट आखाती रुपया. कुवेत, बहारीन, कतार या भागांत भारतीय रुपयाच चलन होता. १९५९ मध्ये तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि तोवर हे चलन वापरत असलेल्या आखाती राज्यांनीही ते सोडलं. इथे रुपया खरोखर परदेशातल्या माणसाच्या खिशात होता.

दुसरी सोव्हिएत संघाशी असलेली व्यवस्था. १९५० च्या दशकापासून दोन्ही देशांतली देवाणघेवाण रुपयाच्या खात्यात लिहिली जायची. यंत्रं आणि शस्त्रं तिकडून, चहा, चामडं, कापड इकडून. डॉलर लागत नव्हता. सोव्हिएत संघ मोडल्यावर रूबलचा दर कोणता धरायचा यावर मोठा तंटा झाला आणि १९९३ च्या करारात कर्जाचा एक भाग ४५ वर्षांत, बिनव्याजी, फेडायचं ठरलं. रशियाने ते रुपये इथला माल घेण्यासाठी वापरायचे होते.

तिसरी इराणची, आणि माळव्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची. इराणचं तेल आपण घेत होतो, पण २०१० च्या डिसेंबरमध्ये आशियाई देशांच्या समाशोधन व्यवस्थेतून, म्हणजे आपसातली देणी-घेणी एकमेकांत वजा करून उरलेलं भागवण्याच्या सोयीतून, त्याचे पैसे देणं बंद झालं. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे एकेक बँक मागे सरत गेली. आधी जर्मनीतली वाट, मग तुर्कस्तानातली, तीही २०१३ च्या सुरुवातीला बंद. त्याआधीच, २०१२ मध्ये, तेलाच्या बिलातला ४५ टक्के भाग रुपयांत द्यायचं ठरलं होतं. त्यासाठी कोलकात्यातली एक सरकारी बँक निवडली, कारण तिची अमेरिकेत शाखा नव्हती आणि निर्बंधांचा चाप तिला बसण्याची भीती कमी होती. परदेशी कंपनीला दिलेल्या या रकमेवर ४० टक्के कर कापला जाईल की काय, अशी अडचण निघाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून ती दूर केली गेली.

आता इराणकडे कोलकात्याच्या खात्यात रुपये होते, आणि ते भारताबाहेर खर्चता येत नव्हते. तांदूळ, चहा, औषधं आणि सोयापेंड, जे काही घ्यायचं ते इथेच. आपली पेंड अर्जेंटिना-ब्राझीलच्या पेंडीपेक्षा महाग होती. डॉलर हातात असलेला गिऱ्हाईक ती घ्यायला दोनदा विचार करतो. रुपयांत अडकलेल्या गिऱ्हाइकाला तो विचार परवडत नव्हता. इराण आपल्या पेंडीचा मोठा, काही काळ सर्वांत मोठा खरेदीदार झाला. जास्तीचा भाव मिळत होता तो पेंडीच्या गुणाचा कमी आणि बंद वाटांचा जास्त होता. हुंडणावळ उलटी होऊन आपल्या पदरात पडत होती.

या निर्णयावर आजही दोन मतं आहेत. एक असं की निर्बंधांत सापडलेल्या देशाकडून जास्त भाव घेऊन आपल्या कारखान्यांना खोटी सवय लागली, आणि तो देश मोकळा झाल्यावर बाजार बसला. घडलंही तसंच. २०१६ च्या जानेवारीत निर्बंध उठले, इराण स्वस्त पेंडीकडे वळला आणि आपली निर्यात कोसळली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये निर्बंध परत आले, रुपयाचं खातं परत चालू झालं, इराण परत इंदूरच्या दारात आला. मग २०१९ च्या मेमध्ये तेलखरेदीच थांबली. खात्यात नवे रुपये येणं बंद झालं आणि तांदूळ, चहा, पेंड या सगळ्यांना हळूहळू उतार लागला.

दुसरं मत असं की त्या वर्षांत डॉलर वाचले, तेल आलं, आणि माळव्यातल्या सोयाबीनला उठाव राहिला. मी या दुसऱ्या मताकडे झुकतो. सवय खोटी होती असं म्हणणारे बहुतेक मंडीत माल घेऊन उभे नव्हते. शिवाय बाजार बसल्याचा दोष व्यवस्थेवर टाकताना, मधल्या वर्षांत पेंडीचा खर्च कमी करायला आणि एकरी उतारा वाढवायला कुणी काय केलं, हा प्रश्न मागे पडतो.

चौथी गोष्ट २०२२ ची. युक्रेन युद्धानंतर रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलैच्या परिपत्रकाने परदेशी बँकांना इथल्या बँकांत खास रुपया खाती उघडून आयात-निर्यात रुपयांत करण्याची मुभा मिळाली, आणि शिल्लक रुपये सरकारी रोख्यांत गुंतवण्याचीही. रशियाच्या बाबतीत हिशेब जमला नाही. २०२२-२३ मध्ये आपण रशियाकडून सुमारे ४६ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि दिला जेमतेम ३ अब्जांचा. एवढ्या रुपयांचं करायचं काय, असं २०२३ च्या मेमध्ये रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी गोव्यात उघडच म्हटलं. इराणला जेवणाच्या ताटात आणि कोंबड्यांच्या दाण्यात जे हवं होतं ते आपल्याकडे होतं. रशियाला हवी होती यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, जे आपण स्वतःच आयात करतो. दोन्ही व्यवस्थांना एकच नाव दिल्यामुळे एकीचं यश दुसरीच्या नावावर आणि दुसरीचं अपयश पहिलीच्या नावावर लिहिलं जातं.

दरम्यान पेंडीचं गणितच बदललं. कुक्कुटपालन वाढलं आणि देशातला खप मोठा झाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांवर गेलं तेव्हा कोंबडीवाल्यांच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली गेली. नवं पीक तोंडावर असताना भाव उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनचा वायदाही थांबवला. निर्यात पुष्कळ घटली असली तरी चालू आहे. युरोपातल्या काही देशांना जनुकबदल नसलेली पेंड हवी असते आणि ते तिला वेगळा भाव देतात, डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये.

रुपयांत पैसे देऊन आपली पेंड नेणारा एक गिऱ्हाईक मात्र आजही आहे, नेपाळ. त्याच्यासाठी कुठलंही परिपत्रक लागलं नाही. १९९३ पासून आपला एक रुपया म्हणजे नेपाळचा एक रुपया साठ पैसे, हा दर बदललेला नाही, आणि सीमेवरच्या व्यापारात भारतीय रुपया त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे.