मौनसभेतला लेखी करार : ब्रिटनच्या क्वेकर समाजातील संरक्षण-व्यवस्थेची पार्श्वभूमी

क्वेकर हा मौन बसून उपासना करणारा, ख्रिस्ती परंपरेतला पंथ. पगारी पाद्री नाही, मतदान नाही, आणि जबाबदाऱ्या साधारण तीन-तीन वर्षांनी हात बदलणाऱ्या. सतराव्या शतकात रुजलेली ही समतेची घडी मुलांच्या संरक्षणाचा प्रश्न आल्यावर अडचणीची ठरली. तक्रार न्यायची कुणाकडे? एल्डर उपासनेचे पाहणार, ओव्हरसीअर माणसांची विचारपूस करणार, आणि नाजूक गोष्ट त्या चार-सहा जणांतच जिरणार.

१९८९चा बालक कायदा आणि स्वयंसेवी संस्थांसाठीची १९९३ची सरकारी संहिता यांनी लेखी धोरणाचा आग्रह धरला. २००२मध्ये इंग्लंडच्या सोहम गावात शाळेच्या केअरटेकरने दोन मुलींचा खून केला; त्या प्रकरणाच्या चौकशीतून मुले व दुर्बल प्रौढांबरोबर काम करणाऱ्यांच्या पडताळणीचा २००६चा कायदा आला. त्याच वर्षीच्या धर्मादाय कायद्यामुळे पुढे इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला १ लाख पौंडांवर उत्पन्न असलेल्या एरिया मीटिंगांना (एका परिसरातल्या सभांच्या एकत्रित संस्थांना) धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी आली म्हणजे विश्वस्त आले, आणि 'जबाबदार कोण' याला पहिल्यांदा कागदावर उत्तर मिळाले. संरक्षणाच्या दृष्टीने हा बदल मोलाचा होता.

खरा वाद झडला तो मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसाला सभेत बसू द्यावे की नाही, यावर. प्रत्येकात ईश्वराचा अंश असतो, ही क्वेकरांची श्रद्धा. शिवाय अशा माणसाला आधार द्यायला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याच्याभोवती चार ते सहा स्वयंसेवकांचे वर्तुळ उभे करण्याची कॅनडातली पद्धत ब्रिटनमध्ये आणण्यात क्वेकरच पुढे होते. २००२मध्ये तिचे सरकारी मदतीचे प्रयोग सुरू झाले. मग आपल्याच दारातून त्याला परत कसे पाठवायचे? पण सभेचे दार सर्वांना उघडे असते आणि मुले त्याच इमारतीत असतात.

तोडगा निघाला लेखी कराराचा. आधी पोलीस किंवा प्रोबेशन (सुटकेनंतर देखरेख करणाऱ्या) अधिकाऱ्याशी बोलायचे, मग मसुदा करायचा. तो माणूस कोणत्या सभेला येईल, कुठे बसेल, सोबत कोणते दोघे असतील, मुलांच्या खोलीकडे व स्वच्छतागृहाकडे जाण्याचे नियम काय, मुले असलेल्या घरी जेवायला जायचे नाही, किल्ली किंवा पद मिळणार नाही आणि हे कुणाकुणाला माहीत असेल, हे सगळे त्यात येते. सही केली नाही तर प्रवेश नाही. वर्षातून किमान एकदा फेरतपासणी.

करार बहुधा मोडतात ते भलेपणामुळे. सोबतचे दोघे त्याचे मित्र होतात आणि लक्ष ठेवणे अवघडल्यासारखे वाटू लागते. तीन वर्षांनी माणसे बदलतात, नव्यांना फाईल कुठे आहे हे ठाऊक नसते. तो दुसऱ्या गावच्या सभेत जाऊ लागतो आणि तिथे कळवायचे राहून जाते. 'आपण त्याला ओळखतो' हे वाक्य ऐकू आले की करार काढून पुन्हा वाचावा.

गुन्हे-नोंदींच्या तपासणीवर मात्र अवास्तव भिस्त ठेवली गेली. ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला कोराच येणार. २०१२च्या बदलांनंतर देखरेखीविना, आठवड्यातून एकदा किंवा ३० दिवसांत ४ दिवस मुलांना सांभाळणारा 'नियंत्रित कामा'त, म्हणजे बंदी घातलेल्यांची यादी तपासता येते अशा कामात, मोडतो. महिन्यातून एकदाच मुलांचा वर्ग घेणारा सहसा मोडत नाही. म्हणूनच मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ हवेत, हा साधा नियम जास्त उपयोगी.

प्रौढांच्या बाबतीत 'व्हल्नरेबल' हा शब्द २०१४च्या केअर कायद्यानंतर मागे पडला. माणूस मुळात दुबळा असे न म्हणता, देखभालीची गरज असल्याने ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही असा 'जोखमीत असलेला प्रौढ', असे म्हटले जाते. विस्मरण होऊ लागलेल्या सदस्याची बँकेची कामे एकच मित्र एकट्याने पाहतो, ही यातली नेहमीची स्थिती.

विश्वासाच्या पदावरच्या माणसाने आपल्याकडच्या १८ वर्षांखालील मुलाशी लैंगिक संबंध ठेवणे गुन्हा असतो; २०२२मध्ये कायद्याने या पदाची व्याख्या धर्मशिक्षणापर्यंत वाढवली. हुद्दा पाहिला जात नाही, काम पाहिले जाते. १६-१७ वर्षांच्या मुलांना नियमित धर्माचे शिकवणारा बिनपदाचा क्वेकरही तिच्या कक्षेत येतो.