मदरबोर्ड नवा, विंडोज जुनं

डेस्कटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, बदलला, डिस्क जुनीच ठेवली, तर आजचं विंडोज बहुतेक वेळा सुरू होतं. फोटो, फायली, प्रोग्राम सगळं जागच्या जागी असतं. पण आवाज येत नाही, इंटरनेट लागत नाही आणि डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या भागांची यादी, उघडला की पिवळ्या उद्गारचिन्हांची रांग दिसते. अशा वेळी कुणी सगळं फॉरमॅट मारतं, तर कुणी एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर (प्रत्येक भाग चालवायला विंडोजला लागणारे छोटे प्रोग्राम) शोधून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतं. फॉरमॅटची सहसा गरज नसते आणि त्या सॉफ्टवेअरच्या तर वाटेलाही जाऊ नये. बोर्डावरची प्रत्येक चिप आपण कोण आहोत हे स्वतःच सांगत असते. ते वाचता आलं की अंदाजपंचे काही करावं लागत नाही.

चिपसेट (भागांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपा), नेटवर्क, ऑडिओ, यूएसबी, साटा (डिस्कची जोडणी) हे सगळं मदरबोर्डावरच असतं, त्यामुळे बोर्ड बदलला की हे भागही एकदम बदलतात. पीसीआय बस, म्हणजे हे भाग प्रोसेसरशी जोडणारा मार्ग, तिच्यावरच्या प्रत्येक उपकरणात १६ बिटांचे दोन क्रमांक कोरलेले असतात. एक कंपनीचा, दुसरा त्या विशिष्ट चिपचा. आडनाव आणि नाव म्हणा ना. एएमडीचा क्रमांक १०२२, एनव्हिडियाचा १०डीई (हे आकडे १६ च्या पायावर लिहितात, म्हणून त्यांत अक्षरंही येतात). इंटेलचा ८०८६, म्हणजे १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा. विंडोज हे क्रमांक विचारून घेतं आणि ड्रायव्हर स्टोअर नावाच्या आपल्या साठ्यात ते लिहिलेली आयएनएफ फाइल, म्हणजे ड्रायव्हरची माहिती देणारी फाइल, शोधतं. सापडली तर ड्रायव्हर बसतो, नाही सापडली तर ‘कोड २८’ दिसतो. चिप बिघडलेली नसते, तिचा ड्रायव्हर तेवढा साठ्यात नसतो.

उद्गारचिन्ह असलेल्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तीत ‘व्हेन’च्या (VEN, म्हणजे कंपनी) पुढे १०ईसी आणि ‘डेव्ह’च्या (DEV, म्हणजे चिप) पुढे ८१६८ असेल, तर ती रिअलटेकची गिगाबिट नेटवर्क चिप आहे. आता बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नेमका हाच ड्रायव्हर घ्यायचा. घेताना बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन (त्या मॉडेलची सुधारित आवृत्ती) दोन्ही जुळवून पाहा, कारण एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनमध्ये नेटवर्कची चिप वेगळी निघू शकते.

पण नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल तर तो उतरवायचा कुठून? अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं, सुरू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. एकदा नेट मिळालं की उरलेले बरेचसे ड्रायव्हर विंडोज अपडेट स्वतःच आणतं.

विंडोज सुरूच न होता ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन आली, तर मामला वेगळा. डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरच असतो, म्हणून तो अगदी सुरुवातीलाच लोड व्हावा लागतो. डिस्कशी बोलण्याच्या रेड, व्हीएमडी, एएचसीआय अशा वेगवेगळ्या पद्धती असतात. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डिस्क रेड किंवा व्हीएमडी मोडवर असेल आणि जुन्या बोर्डावर ती एएचसीआय मोडमध्ये चालत असेल, तर नेमका तोच ड्रायव्हर हाताशी नसतो. आधी बायोसमध्ये जुना मोड लावून पाहा. नवाच मोड हवा असेल, तर विंडोज एकदा सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर, सुरू करा. त्या मोडचा ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात असेल, तर बहुधा तेवढ्यानं काम होतं. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर वापरत असाल तर मात्र बोर्ड काढण्यापूर्वीच ते थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. कुलुपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते आणि बोर्ड बदलला की तो टीपीएम डिस्कला अनोळखी होतो. विंडोजचं लायसन्सही आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडून ठेवा.

आता एक गंमत. इंटेलचा चिपसेट ड्रायव्हर टाकल्यावर त्याची तारीख पाहा. १८ जुलै १९६८ दिसते! तेव्हा विंडोज तर सोडाच, मायक्रोसॉफ्टचाही पत्ता नव्हता. तो इंटेलच्या स्थापनेचा दिवस आहे आणि ती तारीख मुद्दाम घातलेली आहे. या पॅकेजमध्ये बहुतांशी नुसत्या आयएनएफ फायली असतात. बोर्डावरच्या भागांना नावं देणं एवढंच त्यांचं काम. विंडोज दोन ड्रायव्हरांतून एक निवडताना आधी क्रमांक किती नेमका जुळतो ते पाहतं, मग तारीख, मग आवृत्ती. तारीख इतकी जुनी ठेवली की एखाद्या भागासाठी खास ड्रायव्हर आधीच बसलेला असेल, तर त्याला धक्का लागत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवरही याच हेतूनं २१ जून २००६ ही तारीख असते. म्हणून नुसती तारीख पाहून ‘तुमचे ड्रायव्हर कालबाह्य झाले’ अशी भीती घालणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका.

जुन्या बोर्डाच्या कंपनीची पंखे-दिवे सांभाळणारी सॉफ्टवेअरं काढून टाका. त्यांचे ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरलेले असतात. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की जुन्या चिपांच्या फिकट नोंदी दिसतात. त्यांचा सहसा त्रास नसतो. जुन्या नेटवर्क कार्डला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) दिलेला असेल, तर मात्र तोच पत्ता नव्या कार्डला देताना, तो कॉम्प्युटरमध्ये नसलेल्या दुसऱ्या अडॅप्टरच्या नावावर आहे अशी सूचना येते. ती फिकट नोंद अनइन्स्टॉल केली की पत्ता मोकळा होतो.