‘यहोवा यिरे’ हे नाव कोणाचे?

सोलापुरात कित्येक ख्रिस्ती घरांच्या दारावर ‘यहोवा यिरे’ लिहिलेले दिसते (यहोवा हे बायबलमधले देवाचे नाव). ‘देवाची हिब्रू नावे’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजमध्ये यिरे, निस्सी, शालोम, शम्मा ही सगळी देवाने स्वतःला घेतलेली नावे आहेत, असे सांगतात. ते तसे नाही.

घरातले बायबल उघडून उत्पत्ती 22:14 वाचा. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला ज्या डोंगरावर गेला आणि जिथे देवाने मुलाऐवजी एडका दिला, त्या जागेला त्याने हे नाव दिले. निस्सी (निर्गम 17:15) आणि शालोम (शास्ते 6:24) ही वेद्यांची नावे, तर शम्मा (यहेज्केल 48:35) नगराचे. सिद्धेश्वर तलाव म्हटल्याने तलाव म्हणजे सिद्धेश्वर होत नाही, तसेच हे. ‘राफा’ मात्र वेगळे: निर्गम 15:26 मध्ये देव स्वतःच म्हणतो, मी तुला बरे करणारा.

‘यिरे’चा मूळ अर्थ ‘पाहील’. कोकरू कुठे आहे, असे इसहाकाने विचारले, तेव्हा बापाने उत्तर दिले की देव ते पाहील. आपण अडचणीत ‘देव बघेल’ म्हणतो, अगदी तेच. म्हणून दारावरची पाटी काढायची काहीच गरज नाही. ज्या डोंगरावर देवाने खरोखर पाहिले, त्याची ती आठवण आहे.